धसका आणि सांघिक योग

एखाद्यानें एखाद्या गोष्टीचा धसका घेतला, असें मराठींत सहज म्हटलें जातें. या साध्या शब्दप्रयोगांत एक मोठें सत्य दडलेलें आहे. भीति मनाला वाटते खरी. पण धसका बसतो तो काळजाला, पोटाला, हातापायांना. प्रसंग टळून वर्षें लोटलीं तरी दार धाडकन् आपटलें कीं अंग दचकतें, छाती धडधडूं लागते, रात्रीची झोंप मोडते. बुद्धि सांगत असते कीं, धोका संपला. शरीर मात्र तें ऐकत नाहीं. युद्ध, महापूर, भूकंप, अत्याचार यांतून वांचलेल्या माणसांची ही व्यथा फार जुनी आहे. तिच्यावर शरीराच्याच वाटेनें उपाय करावा, आणि तो चार समदुःखी माणसांच्या संगतींत सौम्य योगाभ्यासानें करावा, ही कल्पना मात्र वैद्यकांत अगदीं अलीकडची. ती तेथवर कशी पोंचली, याचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक काळाचा आहे. त्याचें सार थोडक्यांत सांगावयाचें तर, तो आज्ञेकडून अनुमतीकडे झालेला प्रवास आहे.

मनाचा क्लेश देहांत उमटतो, ही गोष्ट भारतीय योगशास्त्राला अपरिचित नव्हती. पतंजलीच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादांत चित्ताचे विक्षेप सांगून झाल्यावर त्यांच्या सोबतीनें येणारीं चार लक्षणें दिलीं आहेत: दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासोच्छ्वासाची अव्यवस्था. यांपैकीं शेवटचीं दोन उघड उघड देहाचीं आहेत. आसनाविषयीं सूत्रकारांची अपेक्षाहि मोजकीच आहे. तें स्थिर असावें आणि सुखाचें असावें. तथापि हें शास्त्र मुमुक्षूसाठीं रचलेलें होतें. गुरूनें शिष्याला एकांतांत द्यावयाची ती विद्या होती. रणांगणावरून परतलेल्या शिपायाला किंवा पुरांत घर गमावलेल्या बाईला ती उपयोगी पडावी, असा हेतु तिच्यामागें नव्हता.

युरोपांतील वैद्यकाला या व्यथेकडे लक्ष देणें भाग पडलें तें पहिल्या महायुद्धांत. १९१४ सालच्या अखेरीस फ्रान्समधील खंदकांतून असे सैनिक रुग्णालयांत येऊं लागले कीं, ज्यांच्या अंगावर जखम नव्हती. पण कोणाची वाचा गेली होती, कोणाची दृष्टि अधू झाली होती, कोणाचे हातपाय एकसारखे कांपत होते. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानें फेब्रुवारी १९१५ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत अशा तीन सैनिकांची हकीकत छापली आणि ‘शेल-शॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हा शब्द जगापुढें आणला. प्रथम समज असा होता कीं, गोळा जवळ फुटल्यानें मेंदूला हादरा बसतो. पण गोळ्याच्या आसपासहि नसलेल्या सैनिकांना तींच लक्षणें होऊं लागलीं, तेव्हां ही समजूत डळमळली.

या युद्धासाठीं हिंदुस्थानांतून दहा लाखांवर माणसें समुद्रपार गेलीं. मेसोपोटेमियांतील कूटच्या वेढ्यांत मराठा पलटणींचे शिपाईहि अडकले होते. एप्रिल १९१६ मध्यें तें ठाणें तुर्कांच्या हातीं पडलें आणि उरलेल्यांच्या नशिबीं कैद आली. अशा अनुभवांतून घरीं परतलेल्या शिपायाला दापोली-साताऱ्याकडच्या खेड्यांत ‘शेल-शॉक’ हा शब्द कोण सांगणार होतें? आणि जेथें तो शब्द ठाऊक होता तेथेंहि त्यानें फारशी दया आणली नाहीं. लष्करी शिस्तीच्या दृष्टीनें कांपणारा शिपाई हा बहुधा भित्राच. पळून जाणें, भेकडपणा दाखविणें अशा अपराधांबद्दल ब्रिटिश आणि वसाहतींच्या सैन्यांतील ३०६ जणांना त्या युद्धांत गोळ्या घालण्यांत आल्या. त्यांपैकीं कांहींच्या मनावर युद्धाचा जबर आघात झालेला होता, हें पुढें मान्य झालें. त्या सर्वांना कायद्यानें क्षमा मिळाली ती २००६ सालीं. म्हणजे एका मनुष्याचें आयुष्य सरावें इतक्या अवधीनंतर.

रुग्णालयांत उपचाराच्या दोन तऱ्हा होत्या. त्यांतील विरोध आजहि विचार करण्यासारखा आहे. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयांत लुईस यीलंड हा डॉक्टर मुक्या झालेल्या सैनिकांना विजेचे झटके देई. दाराला कुलूप घालावयाचें, बोलल्यावांचून या खोलींतून सुटका नाहीं असें बजावावयाचें, आणि गळ्याला वीज लावावयाची, ही त्याची रीत. रोग्याची इच्छा विचारण्याचा प्रश्नच नव्हता. बरें होणें हीहि एक लष्करी आज्ञाच होती. १९१८ सालीं त्यानें आपल्या उपचारांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. रोगी बोलूं लागत, ही गोष्ट खोटी नव्हे. पण ज्याच्यावर आधींच बळजोरी झाली आहे, त्याच्यावर आणखी एक बळजोरी करून काढलेला तो शब्द होता.

दुसरी तऱ्हा एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयांत दिसून आली. तेथें डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर होते. रिव्हर्स मूळचे मानववंशाचेहि अभ्यासक. नीलगिरीच्या तोडा जमातींत राहून त्यांनीं १९०६ सालीं तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. परक्याचें बोलणें धीरानें ऐकण्याची संवय त्यांना होती. युद्धांतील भयंकर आठवणी दडपून टाका, असें सांगितल्यानें त्या अधिकच उसळून येतात, असें त्यांचें मत. म्हणून ते अधिकाऱ्यांना आपल्यापुढें बसवीत आणि त्यांच्या गतीनें बोलूं देत. आघात झालेल्या माणसाला माणूस म्हणून वागविण्याची ही मोठीच पायरी होती. पण तिलाहि एक मर्यादा होती. सारा उपचार शब्दांवर उभा होता. आणि पुष्कळांच्या बाबतींत आघात जेथें बसला होता तेथपर्यंत शब्द पोंचत नव्हते. बोलून झाल्यावरहि हात कांपतच होते.

युरोपांत हे प्रयोग चालले असतांना इकडे मुंबई आणि लोणावळें या भागांत योगाचें रूप पालटत होतें. या दोन घटनांचा तेव्हां एकमेकींशीं कांहींच संबंध नव्हता. पण पुढच्या कथेला दोन्हीहि आवश्यक आहेत. १९१८ सालीं श्रीयोगेंद्र यांनीं मुंबईजवळ वेसावें येथें ‘योग इन्स्टिट्यूट’ काढली आणि योग हा संसारी माणसांनींहि शिकण्याचा विषय ठरविला. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें. दोघेहि मालसरच्या माधवदासजींचे शिष्य. कुवलयानंदांनीं आसनें आणि प्राणायाम यांचा शरीरावर काय परिणाम होतो, तें क्ष-किरण आणि रक्तदाब मोजण्याचीं यंत्रें लावून पाहिलें आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकांत छापलें. योग हा प्रयोगशाळेंत तपासण्याजोगा विषय आहे, ही दृष्टि येथून पुढें चालूं लागली.

त्यांनीं केलेलें दुसरें काम कमी गाजलें. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें तें अधिक महत्त्वाचें आहे. त्यांनीं योगाला एकांतांतून काढून मैदानावर आणलें. शाळांतील मुलांनीं रांगेंत उभें राहून एकत्र करावयाच्या योगिक व्यायामाची पद्धति त्यांनीं बसविली. ‘यौगिक संघ व्यायाम’ हें त्यांचें पुस्तक १९३६ सालचें. तालीम आणि कवायत यांच्या संस्कारांतून आलेल्या या पद्धतींत शिक्षक हुकूम देई आणि सारे विद्यार्थी तो एकाच वेळीं पाळीत. राष्ट्राची तरुण पिढी सशक्त करावयाची, असा तो काळ होता. त्याला हुकूम शोभून दिसे. योग ही चारचौघांनीं एकत्र करण्याची गोष्ट आहे, हें त्या काळांत लोकांच्या अंगवळणीं पडलें. संगत मिळाली; पण तिच्याबरोबर आज्ञाहि आली.

आतां पुन्हां आघाताच्या इतिहासाकडे वळलें पाहिजे. दुसरें महायुद्ध झालें, नवे रोगी आले आणि तेहि विसरले गेले. विचाराला खरी गति मिळाली ती व्हिएतनामच्या युद्धानें. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें परतलेल्या सैनिकांनीं आपल्या आपण बैठकी भरविण्यास सुरुवात केली. मनोवैद्य त्यांत येत, पण ते वरच्या आसनावर बसण्यासाठीं नव्हे, वर्तुळांत इतरांसारखेच. जें घरच्यांना सांगवत नव्हतें, तें तेथें सांगतां येई. याच सुमारास, १९७४ सालीं, बॉस्टनमध्यें अ‍ॅन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रम ही समाजशास्त्रज्ञ यांनीं रुग्णालयांत येणाऱ्या बलात्कारपीडित स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. युद्धांतून आलेल्या पुरुषाला जीं लक्षणें होतात, त्यांसारखींच कितीतरी या स्त्रियांनाहि होतात, असें त्यांतून दिसून आलें. दचकून उठणें, तोच प्रसंग पुन्हां पुन्हां डोळ्यांसमोर येणें, स्वतःचें शरीर परकें वाटणें. रणांगण निराळें, जखम एकच.

या सर्व प्रयत्नांचें फळ म्हणून १९८० सालीं अमेरिकन मनोवैद्यांच्या अधिकृत रोगसूचींत या विकाराला स्वतंत्र नांव मिळालें. मराठींत त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतां येईल. नांव मिळालें म्हणजे उपाय सांपडला, असें नव्हे. औषधें निघालीं, बोलण्याच्या नव्या पद्धति निघाल्या, पुष्कळांना गुण आला. पण कांहीं रोगी असे उरले कीं, प्रसंगाविषयीं बोलूं लागलें कीं त्यांचें शरीर बंड करून उठे आणि ते उपचार अर्ध्यावर टाकून जात.

बेसेल व्हान डर कोल्क या डच वंशाच्या मनोवैद्यांनीं १९८२ सालीं बॉस्टन भागांत आघातपीडितांसाठीं एक केंद्र काढलें होतें. हृदयाच्या ठोक्यांतील सूक्ष्म चढउताराकडे त्यांचें लक्ष वेधलें. निरोगी माणूस श्वास आंत घेतो तेव्हां ठोके किंचित् जलद होतात आणि श्वास सोडतो तेव्हां मंद होतात. मज्जासंस्थेच्या दोन शाखा, एक सावध करणारी आणि एक शांत करणारी, आळीपाळीनें काम करीत असल्याची ती खूण. आघात बसलेल्या पुष्कळ माणसांत ही लय मंदावलेली आढळते. जणूं गाडीचा वेग वाढवितां येतो, पण लगाम खेंचतां येत नाहीं. मनुष्य आपलें हृदय थांबवूं शकत नाहीं, घाम आवरूं शकत नाहीं. पण श्वास मात्र त्याच्या थोडाफार स्वाधीन असतो. या एका दारानें आंत शिरतां येईल, या विचारानें त्या केंद्रांत योगवर्ग सुरू झाला. डेव्हिड एमर्सन या योगशिक्षकानें सहकाऱ्यांसह त्याची पद्धति घडविली.

त्या वर्गाचें चित्र डोळ्यांपुढें आणण्यासारखें आहे. थोड्या स्त्रिया एका साध्या खोलींत जमतात. दार कोठें आहे, तें प्रत्येकीला दिसतें. वाटेल तेव्हां उठून जाण्याची मोकळीक आहे. कोणी सतरंजीवर बसते, कोणी खुर्चीवर. शिक्षिका आपल्या जागेवरून उठत नाहीं. पाठीमागें येऊन कोणाचा खांदा दाबीत नाहीं, कोणाची कंबर सरळ करीत नाहीं. डोळे मिटण्याची सक्ति नाहीं. हात वर घ्या, असा हुकूम येथें नाहीं. हवें असल्यास हात उंच करून पाहा, नको वाटल्यास मांडीवरच असूं द्या, असें सांगणें आहे. शिक्षिका स्वतःहि त्याच हालचाली बरोबरीनें करीत असते. पायाचा तळवा जमिनीला टेकला आहे, तेथें कांहीं जाणवतें का, एवढेंच ती सुचविते. जाणवलेंच पाहिजे असें नाहीं. कोणाला तिची कहाणी विचारली जात नाहीं. कोणाचें आसन चुकलें, असें म्हटलें जात नाहीं.

बाहेरून पाहणाऱ्याला हा योग फिका वाटेल. शीर्षासन नाहीं, कुंभक नाहीं. पण प्रत्येक गोष्टीमागें कारण आहे. उताणें निजून शवासन करणें हें निरोगी माणसाला विश्रांतीचें. अत्याचार सोसलेल्या स्त्रीला तेंच असहाय स्थितीची आठवण करून देऊं शकतें. श्वास कोंडून धरला किंवा फार जलद केला, तर गुदमरण्याची जुनी भीति उसळूं शकते. म्हणून हालचाल हलकी आणि श्वास सहज. सर्वांत महत्त्वाची गोष्ट निवडीची. आघात म्हणजे काय? ज्या क्षणीं माणसाच्या शरीराचें काय व्हावें हें दुसराच ठरवितो आणि त्याला नाहीं म्हणतां येत नाहीं, तो क्षण. त्या माणसाला, आपला हात किती उंच न्यावयाचा तें मीच ठरवीन, हा अनुभव पुन्हां येणें, हीच उपचाराची सुरुवात.

आणि हें एकटीनें घरीं बसून कां नव्हे? कारण आघाताचा दुसरा घाव संगतीवर पडतो. अशा माणसाला चारचौघांत बसणें अवघड होतें. लाज वाटते, संशय वाटतो. वर्गांत शेजारची बाईहि तितक्याच संथपणें श्वास घेत असते. तिच्याशीं बोलावें लागत नाहीं. पण तिच्या सोबतींत आपण सुरक्षित आहों, हें शरीराला हळूहळू कळूं लागतें. कुवलयानंदांच्या मैदानावर जी संगत होती ती येथें टिकली आहे. गळून पडला आहे तो हुकूम.

या वर्गाची शास्त्रीय परीक्षाहि झाली. इतर उपचारांनीं बऱ्या न झालेल्या, दीर्घकाळ या विकारानें ग्रासलेल्या ६४ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट करण्यांत आले. एका गटाला दहा आठवडे, आठवड्यांतून एक तास असा योग. दुसऱ्याला तितकाच वेळ आरोग्यशिक्षणाचा वर्ग. अखेरीस योगगटांतील तपासलेल्या ३१ पैकीं १६ जणींत हा विकार निदानाच्या कसोटीला उरला नाहीं. दुसऱ्या गटांत २९ पैकीं ६ जणींत. आरंभीं दोन्ही गट सुधारले होते, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. परंतु दुसऱ्या गटाची सुधारणा पुढें ओसरली आणि योगगटाची टिकली. हा अहवाल २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. २०२३ सालीं अमेरिकन सैन्यांतून निवृत्त झालेल्या १३१ स्त्रियांवरील अशीच एक परीक्षा प्रसिद्ध झाली. तींत या योगाची तुलना एका प्रस्थापित मानसोपचाराशीं केली होती. गुण दोन्हींनीं सारखाच आला; पण उपचार शेवटपर्यंत नेणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण योगगटांत अधिक होतें. जो उपचार माणूस अर्ध्यावर टाकीत नाहीं, त्याची ही एक गोष्टच पुष्कळ मोलाची आहे.

भारतांतहि हा अनुभव आला. मात्र रुग्णालयांत नव्हे, छावण्यांत. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीची लाट अंदमानवर आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळली. महिनाभरानें अंदमानांतील ४७ जणांना शर्ली टेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं आठवडाभर सोपीं आसनें, श्वसन आणि शिथिलीकरण शिकविलें. भय, चिंता, दुःख आणि झोंपेचा त्रास कमी झाल्याचें त्या लोकांनीं सांगितलें. नाडी आणि श्वास यांची गतीहि उतरली. तमिळनाडूंतील पांच छावण्यांतील १८३ जणांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत योगिक श्वसन शिकलेल्यांची लक्षणें, वाट पाहत राहिलेल्यांच्या मानानें, बरीच घटलीं. ऑगस्ट २००८ मध्यें कोसी नदीनें बिहारांत पात्र बदललें आणि असंख्य घरें वाहून गेलीं. तेथें २२ जणांवर केलेल्या लहानशा प्रयोगांत आठवड्याच्या योगानें खिन्नता कमी झाली. ज्यांना योग मिळाला नव्हता त्यांची चिंता उलट वाढली. वाहून गेलेलें घर योगानें परत येत नाहीं. पण ज्याला चार तास झोंप लागली, तो उद्यां पत्रे आणि बांबू मिळविण्यास उठूं शकतो.

या यशाचें माप मात्र जपूनच घेतलें पाहिजे. वरीलपैकीं बरेच प्रयोग लहान आहेत. छावणीतील प्रयोगांत तुलनेसाठीं नुसती वाट पाहणारीं माणसें होतीं, दुसरा उपचार घेणारीं नव्हतीं. योग हा औषधाचा किंवा जाणत्या मनोवैद्याचा शत्रु नव्हे आणि त्यांची जागाहि तो घेत नाहीं. तो त्यांच्या जोडीचा सोबती आहे. शिवाय कोणताहि योग या कामीं चालेल, असें नाहीं. अंगाला हात लावून आसन सुधारणारा, न जमल्यास टोंचून बोलणारा शिक्षक अशा माणसाचें हित करण्याऐवजीं जुना घाव उघडा करील. विद्या तीच, ती कोणत्या स्वरांत दिली जाते, यावर सारें अवलंबून.

क्वीन स्क्वेअरच्या खोलीला कुलूप होतें. या वर्गाचें दार उघडें असतें. तेथें मुक्या सैनिकाला बोल म्हणून दरडावीत. येथें न बोलणाऱ्या बाईला तिच्या मौनासह बसूं देतात. खंदकांतील कांपणाऱ्या शिपायाला ज्या काळानें भित्रा ठरविलें, त्या काळाला पतंजलीनें नोंदलेला अंगाचा कंप हें दुःखाचेंच लक्षण आहे, एवढें जरी उमगलें असतें, तरी कितीतरी जीव वांचले असते. आजहि घरोघरीं असा एखादा धसका घेतलेला माणूस असतो. त्याला धीट हो, विसरून जा, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याच्याजवळ स्वस्थ बसणारे, आणि त्याला हवें तेव्हां उठून जाऊं देणारे, थोडे असतात.